पृथ्वी जिंकावयास आलेला झिम

ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहताना मनुष्याच्या मनात एक प्रश्न फार पूर्वीपासून येत आला आहे. तिकडे कोणी राहत असेल काय? आणि राहत असल्यास ते आपल्याकडे मित्र म्हणून येतील, की शत्रू म्हणून? या प्रश्नात दडलेल्या भीतीला इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीत शब्दरूप दिले. मंगळावरून आलेले शत्रू आपल्या प्रचंड यंत्रांनी इंग्लंडातील गावेच्या गावे उद्ध्वस्त करतात. अखेर ते मरतात, परंतु मनुष्याच्या पराक्रमाने नव्हे, तर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंमुळे!

परंतु ज्या गोष्टीचे भय वाटते, तिला हसण्याचीही मनुष्याला मोठी हौस असते. १९४८ साली अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या संस्थेच्या एका व्यंगचित्रपटात चक जोन्स या दिग्दर्शकाने एक बुटका मंगळवासी पडद्यावर आणला. डोक्यावर रोमन शिपायाचे शिरस्त्राण, चेहऱ्यावर तोंडाचा पत्ता नाही, आणि आवाज मात्र मृदू व सभ्य! १९५८ सालच्या एका लघुपटात तो पृथ्वी उडवून देण्याचे कारण सांगतो. शुक्राचा देखावा पाहताना ती म्हणे मध्ये येते! एवढ्याशा अडचणीसाठी एवढा मोठा संहार करावयास निघालेला हा वीर बग्ज बनी नावाच्या सशाकडून फसतो. मार्विन हे नाव त्याला मागाहून मिळाले. पुढे हे लघुपट दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊ लागले, आणि मुलांच्या ओळखीच्या पात्रांत त्याची गणना होऊ लागली.

याच कुळात शोभणारा एक खलनायक पुढे दूरचित्रवाणीसाठीच जन्मास आला. त्याचे नाव झिम. जोनेन वास्केझ या अमेरिकन चित्रकाराने निर्माण केलेली त्याची व्यंगचित्रमालिका ३० मार्च २००१ रोजी निकलोडियन या वाहिनीवर सुरू झाली. मालिका फार काळ चालली नाही. परंतु झिमला तिचे प्रेक्षक विसरले नाहीत. २०१९ साली त्याच्यावर एक मोठा चित्रपटही निघाला.

झिम हा इर्क नावाच्या ग्रहाचा रहिवासी. हिरवी कातडी, मोठे लाल डोळे आणि डोक्यावर दोन शृंगिका असे त्याचे रूप आहे. इर्कवासीयांची राज्यपद्धती मोठी विलक्षण आहे. तेथे विद्या, शौर्य अथवा सचोटी पाहून मोठेपणा देत नाहीत. उंची पाहून देतात! जो सर्वांहून उंच, तो राजा. दोघे जण सारखेच उंच निघाले, म्हणून तेथे दोन राजे एकत्र राज्य करतात. झिम बिचारा फारच बुटका. त्यामुळे त्या राज्यात त्याला मान मिळण्याची आशा नव्हती.

तरीही झिमला स्वतःच्या थोरवीविषयी कधी शंका आली नाही. अन्य ग्रह जिंकण्याच्या पहिल्या मोहिमेत तो एका अजस्र यंत्रात बसला आणि त्याने तत्काळ विध्वंस सुरू केला. दुर्दैवाने त्या वेळी सैन्य स्वतःच्या ग्रहावरून निघालेलेच नव्हते! शत्रूच्या नगराऐवजी झिमने स्वतःचेच नगर पेटवून दिले. या पराक्रमाबद्दल त्याला खाद्यपदार्थ विकण्याच्या कामावर दूर एका ग्रहावर पाठविण्यात आले. परंतु दुसऱ्या मोहिमेची वार्ता कानी पडताच तो बोलावणे नसता हजर झाला आणि आपल्यालाही एक ग्रह जिंकावयास द्यावा, असा हट्ट धरून बसला. राजांनी त्याची पीडा टाळण्यासाठी नकाशाच्या अगदी कडेचा एक अज्ञात ग्रह त्याला नेमून दिला. सोबत एक यंत्रमानवही दिला. त्याचे नाव गिर. तो टाकाऊ वस्तूंतून जोडलेला होता आणि त्याच्या डोक्यात बुद्धीच्या जागी किरकोळ भंगार भरलेले होते. सहा महिने प्रवास करून हे दोघे त्या ग्रहावर उतरले. तो ग्रह म्हणजे आपली पृथ्वी!

पृथ्वीवर झिम एका शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल होतो. डोक्यावर केसांचा टोप आणि डोळ्यांवर मानवी डोळ्यांसारखी भिंगे, एवढेच त्याचे वेषांतर. कातडी हिरवीच राहते. गिर कुत्र्याचा वेष घेतो. तो कुत्राही हिरवाच! एवढे असूनही डिब नावाचा एक मुलगा सोडल्यास बहुतेकांना त्यात काही वावगे दिसत नाही. डिब ओरडून सांगतो, की हा परग्रहवासी आहे. पण सारे त्यालाच वेड्यात काढतात. झिम पकडला जात नाही, याचे श्रेय त्याच्या चातुर्याला नाही. ते पाहूनही न पाहणाऱ्या लोकांना आहे. येथे लेखकाचा चिमटा केवळ झिमला नाही, आपणा सर्वांनाही आहे.

झिमला पाहून हसू का येते, याचा विचार केल्यास त्याची काही कारणे सापडतात. पहिले कारण म्हणजे बढाई आणि करणी यांतील अंतर. जो थोडे बोलतो आणि चुकतो, त्याच्याविषयी आपणांस सहानुभूती वाटते. परंतु जो छाती पुढे काढून गर्जना करतो आणि पुढच्याच पावलाला ठेच खातो, त्याची फजिती पाहून हसू आवरत नाही. दुसरे कारण साधन आणि विवेक यांची फारकत. झिमजवळ अंतराळयाने आहेत, जमिनीखाली मोठी प्रयोगशाळा आहे. नाही ते फक्त तारतम्य. पाणी लागताच त्याचे अंग भाजते. हे कळल्यावर डिब त्याच्यावर पाण्याचे फुगे फेकतो. झिम त्याचा सूड म्हणून आकाशातून एक अतिविशाल पाण्याचा फुगा सोडतो आणि सारे शहर जलमय करून टाकतो! ज्याच्या हाती एवढे सामर्थ्य आहे, तो ते एका मुलाची खोड मोडण्यात खर्च करतो.

तिसरे कारण असे, की भय आणि हसे यांची येथे अदलाबदल होते. एका भागात झिम एक चित्रपट पाहतो. त्यात आक्रमक परग्रहवासी पृथ्वीवरील जंतूंमुळे मरतात. वेल्स यांच्या कादंबरीची ही गमतीदार आठवणच होय. ते पाहून झिमची पाचावर धारण बसते. पृथ्वीला जिंकावयास आलेला हा वीर जंतूंच्या धास्तीने साफसफाईच्या मागे लागतो! ज्याची आपणांस भीती वाटावयाची, तोच आपल्या घरातील धुळीला भिऊ लागला, म्हणजे आपल्या मनातील भीतीचे ओझे एकदम हलके होते. हसणे म्हणजे एका अर्थाने हा सुटकेचा निःश्वास असतो.

परंतु या हसण्याच्या तळाशी एक करुण गोष्ट आहे. झिम आपल्या राजांशी मोठ्या अभिमानाने संपर्क साधतो आणि आपल्या कामगिरीचे वर्णन करतो. आपल्यावर महत्त्वाची जबाबदारी सोपविली आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. वस्तुतः ती मोहीम खोटी आहे. तो पुन्हा परत येऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. तो ज्यांच्यासाठी धडपडतो, तेच त्याला हसतात. हे प्रेक्षकाला ठाऊक असते, झिमला नसते. म्हणून त्याच्या फजितीला हसता हसता मन क्षणभर थबकते.

येथेच हास्याचे दोन प्रकार वेगळे दिसू लागतात. दोन्ही राजे झिमला हसतात, ते त्याच्या ठेंगणेपणाला आणि एकटेपणाला. ठेंगणेपणा हा काही अपराध नव्हे. म्हणून ते हसणे क्रूर आहे. प्रेक्षक हसतो तो झिमच्या गर्वाला, उतावळेपणाला आणि आपली चूक कधीच कबूल न करण्याच्या स्वभावाला. हे दोष सुधारता येण्यासारखे आहेत, आणि थोड्याफार प्रमाणात ते प्रत्येकात असतात. वर्गात उत्तर येत नसता हात वर करणारा, खेळात हरल्यावर चेंडूला दोष देणारा, दुसऱ्याचे न ऐकता चुकीच्या वाटेने पुढे जाणारा, अशा प्रत्येकाच्या अंगी झिमचा अंश असतो.

चूक सर्वांच्याच हातून होते. झिमचे खरे दुर्दैव त्याच्या चुकांत नाही. इतक्या वेळा पडूनही तो आपण का पडलो हे एकदाही विचारीत नाही, यात ते आहे. ज्याला स्वतःच्या फजितीवर हसता येते, तो तीतून काही शिकतो. ज्याला ते येत नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्यांचे हसणे तेवढे उरते.

स्वाध्याय

१. झिमला पृथ्वीवर पाठविण्यामागे राजांचा खरा हेतू कोणता होता?
२. ‘झिम पकडला जात नाही, याचे श्रेय त्याच्या चातुर्याला नाही.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. राजांचे हसणे व प्रेक्षकांचे हसणे यांत कोणता फरक आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाचावर धारण बसणे, वेड्यात काढणे, खोड मोडणे.
५. स्वतःच्या फजितीवर तुम्हांला हसू आले, असा एक प्रसंग दहा ओळींत लिहा.