टिपणाचा पत्ता

चि. मृण्मयीस,

तुझा निरोप मिळाला. अकोले तालुक्यातल्या भाताच्या जुन्या वाणांवर काम करता करता फोनमध्ये फोटो साचले, बायकांशी झालेल्या गप्पांच्या ध्वनिफिती साचल्या, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप साचले, वह्याही भरल्या; आणि आता प्रकरण लिहायला बसल्यावर हवं ते नेमकं हाताला लागत नाही. तेव्हा टिपणं ठेवायला चांगलं ॲप कोणतं, असं तू विचारलं आहेस. ॲपकडे येऊच. आधी एका माणसाची हकिकत वाच. त्याचा घोळ तुझ्यासारखाच होता, फक्त भाताऐवजी पक्ष्यांचा.

सप्टेंबर १८३५ मध्ये ‘बीगल’ जहाज गालापागोस बेटांपाशी पोचलं, तेव्हा चार्ल्स डार्विन २६ वर्षांचा होता. टिपणं ठेवण्यात तो मुळीच आळशी नव्हता. खिशात मावतील अशा छोट्या वह्या तो बरोबर बाळगी आणि चालता चालता पेन्सिलीने त्यांत खरडत असे. त्या प्रवासातल्या त्याच्या अशा १५ वह्या माहीत आहेत. जहाजावर परतला की त्याच त्रोटक ओळींवरून तो शाईने सविस्तर लिहून काढी. गोळा केलेल्या नमुन्यांना क्रमांक होते, क्रमांकांची यादी होती. तरीही एक गोष्ट राहून गेली. तिथल्या लहान लहान फिंच पक्ष्यांपैकी कोणता कोणत्या बेटावर मिळाला, हे त्याने नीट लिहिलं नाही.

हा नुसता विसराळूपणा म्हणता येत नाही. बेटं एकमेकांपासून दिसण्याच्या अंतरावर, खडक तोच, हवा तीच. मग बेटागणिक पक्षी बदलेल कशाला, असं त्याने गृहीत धरलं. तिथले उपगव्हर्नर लॉसन त्याला म्हणालेही होते की कासव पाहिलं की ते कुठल्या बेटावरचं ते सांगता येतं. डार्विनने ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे प्रवासवर्णनात त्याने कबूल केलं की तोवर दोन बेटांवरचे नमुने काही अंशी एकमेकांत मिसळून गेले होते. जानेवारी १८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते पक्षी तपासले आणि निरनिराळ्या कुळांतले वाटणारे हे पक्षी एकाच गटातले, एकमेकांचे सख्खे-चुलत निघाले. आता प्रश्न एवढाच उरला की कोणता पक्षी कुठल्या बेटावरचा. आणि नेमकं तेच डार्विनकडे नव्हतं! कप्तान फिट्झरॉय यांच्या आणि स्वतःचा मदतनीस सिम्स कव्हिंग्टन याच्या संग्रहावर बेटांची नावं होती. ती मागवून त्याला आपली उणीव भरून काढावी लागली.

कोणती माहिती पुढे मोलाची ठरणार, हे टिपणाऱ्याला टिपताना कळत नसतं. म्हणून पत्ता लिहायचा तो गरज वाटते म्हणून नव्हे, वाटत नसली तरीही. तुझ्या भातालाही हेच लागू आहे. काळभात, रायभोग, जिरवेल ही नावं तू यादीत सुरेख अक्षरात लिहिली असशील. पण एका वाडीतला काळभात आणि डोंगरापलीकडचा काळभात हे एकच वाण आहेत, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. ते ठरवणं हेच कदाचित तुझं काम आहे. तेव्हा मूठभर दाण्यांच्या फोटोखाली वाण, गाव, वाडी, शेत खाचरातलं की वरकस, दाणे कोणी दिले, आणि त्या घरात बी कुठून आलं, हे सगळं त्याच दिवशी लिहून व्हायला हवं. माहेरून आलेलं बी आणि बाजारातून आणलेलं बी कणगीत गेल्यावर सारखंच दिसतं.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण देशी वाणांच्या जतनासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. पेरणाऱ्या, निवडणाऱ्या, साठवणाऱ्या बाईच्या डोक्यात बियाण्याची ओळख पक्की बसते, कारण दर हंगामात तिचा हात त्यावरून फिरतो. तुझा हात फिरत नाही. तू चार दिवस राहून पुण्याला परततेस. त्यामुळे त्यांच्यासारखी स्मरणशक्ती आपल्यालाही असेल, या भरवशावर राहू नकोस.

आणखी एक गोष्ट लिहायची, जी फोन कधीच नोंदवत नाही. तारीख आणि जागा तो आपोआप धरतो. पण फोटो काढला कशासाठी, हे त्याला ठाऊक नसतं. ‘का टिपलं’ याचं एक वाक्य नसेल तर वर्षाने तो फोटो परक्याचा होतो. रामानुजन यांच्या वह्यांचं उदाहरण मोठ्या माणसाचं आहे, पण इथे चपखल बसतं. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणित करत, कोपराने पुसत, आणि वहीत उतरवत तो बहुतेक फक्त निष्कर्ष. सिद्धता पाटीबरोबर पुसली जाई. १९२० मध्ये ते गेले. त्या वह्यांतली तीन हजारांहून अधिक विधानं तपासून, सिद्ध करून छापण्याचं काम ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने हाती घेतलं. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. रामानुजन यांच्या वहीसाठी बर्न्ट भेटले. तुझ्या ‘महत्त्वाचं! पेंढा बघ’ या व्हॉट्सॲपसाठी कोणी भेटणार नाही.

पत्त्याची शिस्त पाळली तर काय होतं, ते आपल्याच भागात पाहायला मिळतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक हजारांहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. ओवी तशी निनावीच. ती कोणाचीही असते. पण या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं होतं. म्हणूनच पुढे ‘परी’ या संकेतस्थळाच्या लोकांना हा संग्रह हाती आल्यावर त्या बायकांना गावात जाऊन पुन्हा शोधता आलं आणि त्यांचं गाणं चित्रित करता आलं. नुसते ओव्यांचे गठ्ठे असते तर हे झालं नसतं.

आता दुसरी बाजू. टिपणं जमवणारा माणूस बहुधा ‘नंतर लावू’ म्हणतो. लिओनार्दो दा विंचीने मार्च १५०८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये एक वही सुरू करताना पहिल्याच पानावर लिहून ठेवलं की हा निरनिराळ्या कागदांवरून उतरवलेला बिनक्रमाचा संग्रह आहे, पुढे विषयवार लावण्याची आशा आहे. ते लावणं त्याच्या हयातीत झालं नाही. हजारो पानं मागे राहिली, त्यांतून त्याने स्वतः छापलेलं एकही पुस्तक निघालं नाही. लिओनार्दोला हे परवडलं, कारण तो चित्रंही काढत होता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची कथा तर सरळ सरळ अडगळीची आहे. वाचकांनी शब्दांची उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून पाठवायची, अशी ती योजना. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले, तेव्हा आधीच्या संपादकाकडून त्यांच्या दारात चिठ्ठ्यांची पोतीच्या पोती येऊन पडली. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसह. एका अक्षराचा गठ्ठा फ्लॉरेन्समध्ये सापडला, दुसऱ्याचा आयर्लंडमधल्या तबेल्यात, तोही बराचसा चूल पेटवण्यात गेलेला. मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली बांधली, तिच्यात हजाराहून अधिक खण केले आणि प्रत्येक चिठ्ठीला घर दिलं. तरीही ‘बाँडमेड’ हा शब्द १८८८ च्या खंडात यायचा राहिलाच, कारण त्याच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या. तो पुढे पुरवणीत घालावा लागला.

तुला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लांब जायला नको. येरवड्याला डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचायचे, शब्द आणि त्याचा संदर्भ चिठ्ठीवर उतरवायचा. हेच काम पंचवीस वर्षं चाललं आणि चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. पहिला भाग १९७६ मध्ये छापला गेला. आजवर तीसच्या वर खंड झाले, तरी ‘अ’ संपलेला नाही. यावर हसणारे लोक आहेत. त्यांनी ते खण एकदा उघडून पाहावेत. चिठ्ठीवर शब्द आहे, ग्रंथ आहे, जागा आहे, त्यामुळे लिहिणारा गेल्यावरही दुसऱ्या पिढीतला माणूस ती उचलून काम पुढे नेतो. पण कोश हे संस्थेचं काम आहे, पीएचडी नव्हे. तुझ्या मार्गदर्शकांनी तुला पंचवीस वर्षं दिलेली नाहीत.

मग लावायचं कसं? इथे पुन्हा डार्विनच कामाचा. आत्मचरित्रात त्याने आपली पद्धत सांगितली आहे. तीस-चाळीस मोठी पाकिटं, नाव लिहिलेल्या फळ्यांवर. सुटी चिठ्ठी मिळाली की ताबडतोब आपापल्या पाकिटात. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटी आपल्या कामाच्या गोष्टींची सूची. नवा विषय हाती घेताना आधी या सगळ्या छोट्या सूच्या पाहून एक मोठी सूची करायची, की आयुष्यभर जमवलेलं समोर तयार. यात हुशारी कसलीच नाही, आणि तीच तिची खुबी आहे.

तुझ्या पाकिटांना मात्र ‘भात’, ‘परंपरा’, ‘महिला’ अशी नावं देऊ नकोस. त्यांत काहीही मावतं, म्हणून त्यांतून काहीच निघत नाही. नाव प्रश्नाचं दे. ‘घरात बी कोण राखतं?’ ‘नाव एक, भात दोन?’ ‘कोणतं वाण सोडलं आणि का?’ एखादी चिठ्ठी दोन पाकिटांत जावीशी वाटली तर तिची नक्कल कर. आणि कुठल्याच पाकिटात न बसणाऱ्यांसाठी एक बिननावाचं ठेव; ते फुगलं की समज, नवा प्रश्न तयार झाला.

ॲपबद्दल विचारणाऱ्यांना हल्ली निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव ऐकवलं जातं. त्यांच्या लाकडी खणांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक, मधेच शाखा फुटली तर क्रमांकाला अक्षराची शेपटी, आणि एका चिठ्ठीवरून दुसरीकडे जायला तिचा क्रमांक. त्या जोरावर त्यांनी डझनावारी पुस्तकं लिहिली. पण लुमान यांचे चाहते बऱ्याचदा खण सजवण्यात रमतात. लुमान स्वतः तर सरकारी कचेरीतून आले होते, फायलींचं त्यांना अप्रूप नव्हतं. तू वापरतेस तेच ॲप चालेल, त्यात शोधता आलं आणि बाहेर काढून दुसरीकडे ठेवता आलं म्हणजे झालं. अकोल्याच्या डोंगरात रेंज नसते, हेही विसरू नकोस; खिशात वही आणि पेन्सिल हवीच.

रोजचं काम दोन वेळा कर. दिवसा, बोलता बोलता, जेमतेम शब्द धरायचे. समोरची बाई सांगत असताना मान खाली घालून लिहीत बसलीस तर ती बोलायची थांबेल. त्याच संध्याकाळी, झोपण्याआधी, ते शब्द वाक्यांत उतरवायचे. दुसऱ्या दिवसावर टाकलंस तर त्यातलं बरंच तुझं स्वतःचं झालेलं असेल. बाई जे म्हणाली ते एकीकडे, आणि त्यावर तुला जे सुचलं ते कंसात किंवा वेगळ्या शाईने. हे दोन एकत्र झाले की वेगळे करता येत नाहीत. रिचर्ड फाइनमन यांच्या कागदांना एका इतिहासकाराने त्यांच्या कामाची नोंद म्हटलं, तेव्हा ते तक्रारीच्या सुरात म्हणाले होते की ही नोंद नव्हे, हेच काम. ते कागदावरच झालं. संध्याकाळची तुझी वही तशी असायला हवी. सुचायचं ते लिहितानाच सुचतं.

डार्विनची आणखी एक सवय होती, आणि तुला सगळ्यांत जास्त तिचीच गरज लागेल असं वाटतं. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो त्याच क्षणी, न चुकता लिहून ठेवी. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी फार लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव. गेल्या वेळी तू सांगत होतीस की संकरित बियाणं आलं म्हणून जुनं भात गेलं. तसं असेलही. पण उद्या एखादी आजी म्हणाली की संकरितचा काही संबंध नाही, आमचं भात गिरणीत फुटायचं आणि उखळात कांडायला सुना तयार नव्हत्या, म्हणून सोडलं. तर ते वाक्य त्याच मिनिटाला लिही, तिच्या नावागावासकट. वर खूण कर. ‘कोणतं वाण सोडलं आणि का?’ या पाकिटात ती चिठ्ठी सगळ्यांत वर असू दे.

आता जमवणं थोडं थांबव. या महिन्यात नवीन गाव नको. ‘नाव एक, भात दोन?’ या एका पाकिटाइतकं सामान फोनमधून आणि वह्यांतून वेचून काढ, ज्याला गावाचा पत्ता नाही ते बाजूला ठेव, आणि उरलेल्यावरून चार-पाच पानं लिहून पाठव. बाजूला पडलेल्यांची यादीही जोड. पुढच्या फेरीत कोणत्या घरी पुन्हा जायचं ते त्यावरूनच ठरेल. मामीने भाजणी करून ठेवली आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा