बिल्डरूट की योक्टो?

प्रश्न : आमची छोटी कंपनी यंत्रांची कंपनं मोजणारं लिनक्सवर चालणारं उपकरण बनवते आहे. त्यासाठी लिनक्सची इमेज बांधायला बिल्डरूट निवडावं की योक्टो?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी पुढच्या पाच वर्षांत काय काय बनवणार आहात, त्याची यादी करा. एकच बोर्ड, मोजकी सॉफ्टवेअर आणि दोन-तीन माणसं असतील, तर बिल्डरूट घ्या. 'मेक मेन्यूकॉन्फिग' दिलं की पडद्यावर मेन्यू येतो. हवं ते निवडा, 'मेक' चालवा, कार्डवर लिहायची इमेज तयार. नवा इंजिनिअरही थोड्या दिवसांत रुळतो. मात्र एखादा पर्याय काढला किंवा कंपायलर बदलला, तर बहुतेक वेळा 'मेक क्लीन' करून सगळं पुन्हा बांधावं लागतं.

वेगवेगळ्या प्रोसेसरची अनेक मॉडेल्स काढायची असतील, तर योक्टोवर घेतलेली मेहनत वसूल होते. तिथे बोर्डचा, कंपनीचा आणि उत्पादनाचा थर (लेयर) वेगळा ठेवता येतो. जुनी बांधणी साठवलेली असल्याने बदललेला भागच पुन्हा बांधला जातो. पण शिकायला वेळ लागतो, आणि डिस्कवर शंभरेक जीबी जागा मोकळी ठेवावीच लागते.

चिप बनवणाऱ्या कंपनीने योक्टोचाच थर दिला असेल, तर तो मुद्दा निर्णायक धरा. नाहीतर ड्रायव्हर स्वतः जुळवण्यात महिने जातात.

काहीही निवडलंत तरी आवृत्ती पक्की करा, डाउनलोड केलेला सोर्स स्वतःकडे जपा आणि दुसऱ्या कोऱ्या संगणकावर बांधणी करून पाहा. उपकरण कारखान्यात दहा वर्षं चालणार आहे. सुरक्षेची दुरुस्ती तेव्हाही करता आली पाहिजे.