सर्दीची गोळी आणि सुवर्णपदक

सर्दी झाली की आपण गोळी घेतो. अशाच एका गोळीमुळे एका मुलीचे ऑलिंपिक सुवर्णपदक गेले, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

आंद्रेआ रादुकान ही रुमानियाची जिम्नॅस्ट. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने सर्वांगीण वैयक्तिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ती फक्त १६ वर्षांची होती.

स्पर्धेच्या वेळी तिला सर्दी झाली होती. पथकाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने विश्वासाने घेतली. त्या गोळीत स्यूडोएफेड्रीन होते. हे औषध चोंदलेले नाक मोकळे करते. पण ते उत्तेजकही आहे. म्हणून त्यावर तेव्हा बंदी होती. लघवीच्या तपासणीत ते सापडले आणि पदक काढून घेण्यात आले. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. तिचा हेतू वाईट नव्हता. तरीही पदक परत मिळाले नाही.

नियम असा आहे : शरीरात जे सापडेल, त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. हा नियम कठोर वाटतो. पण 'मला माहीत नव्हते' हे कारण चालले, तर मुद्दाम फसवणारेही तेच सांगतील.

म्हणून खेळाडूने डॉक्टरांना आधीच सांगावे, "मी स्पर्धेत खेळतो." औषधातील घटक तपासून घ्यावेत. तुम्हीही विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नका.

शब्दार्थ
उत्तेजक – तात्पुरता जोर आणणारे
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय
१. आंद्रेआचे पदक का काढून घेतले?
२. हा नियम तुम्हांला योग्य वाटतो का? कारण लिहा.