एमबीए कुठून, हे नंतर

आमच्या चाकणच्या पट्ट्यात अप्रेझलची पत्रं हातात पडली की आठवड्याभरात एमबीएची चौकशी सुरू होते. आधी कॅन्टीनमध्ये, मग कंपनीच्या बसमध्ये, मग रात्री फोनवर. विचारणारे पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे असतात, डोक्यावर मोशीच्या नाहीतर वाकडच्या फ्लॅटचं कर्ज असतं, पोर दुसरी-तिसरीत असतं आणि पहिलाच प्रश्न असतो, "मॅडम, कुठून करू?" मी परचेसमध्ये नोकरी काढलेली बाई. आमच्याकडे माल कोणाकडून घ्यायचा हे ठरण्याआधी तो लागणार आहे का, कशासाठी आणि किती, हे कुणीतरी सही करून लिहून द्यावं लागतं. त्याला इंडेंट म्हणतात. साधे बेअरिंग मागवताना तीन सह्या घेणारे इंजिनिअर एमबीएची ऑर्डर मात्र इंडेंटशिवाय सोडून मोकळे होतात.

माझं प्रकरण सुरू झालं ते आमच्या सोर्सिंग हेडची जागा रिकामी झाल्यावर. डेप्युटी मॅनेजरच्या खुर्चीत मला बरीच वर्षं झाली होती. जागा आपलीच असं मी धरून चालले होते आणि बाहेरून एक गृहस्थ आले. त्यांच्या नावापुढे एमबीए, माझ्या नावापुढे नुसतं बी.ई. प्रॉडक्शन. निष्कर्ष काढायला कुणालाही एवढं पुरतं. त्याच सुमारास ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका कंपनीचे फोन येऊ लागले. स्वतःला सीनिअर अ‍ॅडमिशन काउन्सेलर म्हणवणारा मुलगा आवाजावरून तेवीस-चोवीसचा वाटे. "मॅडम, या बॅचच्या शेवटच्या चार सीट्स राहिल्यात." पुढच्या आठवड्यातही चारच राहिल्या होत्या. मोठ्या संस्थेचं नाव, काही महिन्यांचा अभ्यास, शनिवार-रविवारी वर्ग आणि "हे डिग्रीच्याच तोडीचं धरतात" असं आश्वासन. पदरमोड करून फी भरली.

शिकवणं वाईट नव्हतं. पण शेवटी हातात पडलं ते प्रमाणपत्र, आणि आमच्या एचआरच्या सिस्टिममध्ये 'उच्च शिक्षण' या रकान्यात ते काही केल्या बसेना. तिथल्या मुलीने ते 'ट्रेनिंग'मध्ये टाकून दिलं, फायर सेफ्टीच्या कोर्सच्या खाली. जुने ईमेल उपसून बघितले तर 'डिग्री' हा शब्द एकाही ईमेलमध्ये नव्हता. तो फक्त फोनवर उच्चारला गेला होता.

तेव्हा कागदाचं आधी सांगते, कारण फसवाफसवी तिथेच जास्त. विद्यापीठ देतं ती एमबीएची पदवी. एआयसीटीईची मान्यता असलेल्या स्वायत्त संस्था देतात तो पीजीडीएम, म्हणजे पदविका. खाजगी कंपन्या या दोन्हींत सहसा डावं-उजवं करत नाहीत. आयआयएमसुद्धा २०१७ चा आयआयएम कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या. हैदराबादच्या आयएसबीचा प्रसिद्ध पीजीपी ही तर विद्यापीठाची पदवी नव्हेच, तरी कंपन्या तिथे रांग लावतात. खाजगी नोकरीत शिक्क्यापेक्षा नावाला भाव आहे. सरकारी कंपनी, बँक किंवा पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर तिथे शिक्काच बघतात. आणि मोठ्या संस्थेच्या नावाने मिळणारं सहा-आठ महिन्यांचं प्रमाणपत्र म्हणजे त्या संस्थेचं एमबीए नव्हे, मग जाहिरातीत 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द कितीही ठळक छापलेला असो. ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए घेत असाल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ती संस्था, तोच अभ्यासक्रम आणि तेच वर्ष आहे का, हे स्वतः बघा. काउन्सेलरने पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. '१० दिवसांत एमबीए' असले कोर्स बाजारात आल्यावर २०२४ साली यूजीसीला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला होता, यावरून धंदा कुठवर गेलाय ते समजा.

नुसता रकानाच भरायचा असेल, म्हणजे तुमच्याकडे बढतीच्या नियमातच पदव्युत्तर पदवी मागितलेली असेल, तर लाखो रुपये घालवू नका. इग्नूचं एमबीए लाखाच्या आत होतं, पदवी पक्की असते, आणि असाइनमेंट वेळेवर दिल्या तर नोकरी सांभाळून निभतं. त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. ते तुमचे हप्ते भरणार नाहीत.

आता त्या नेमणुकीबद्दल. कारण काय होतं ते मला शेवटी प्लांट हेडच्या तोंडूनच कळलं. कस्टमरचं ऑडिट आटोपलं होतं, साहेब जरा मोकळे होते. विचारलं, "सर, माझ्याकडे एमबीए असतं तर ती जागा मला मिळाली असती का?"

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी साणंदला प्लांट उभा राहताना अख्खी सप्लायर मंडळी तिकडे हलवलीत. तुम्ही भाव उत्तम पाडून घेता, मॅडम. पण बोर्डापुढे कॉस्टिंग मांडायची वेळ आली की फायनान्सच्या पोराला पुढे करता."

झोंबलं. पण इंडेंट मिळालं. मला पैशाची भाषा येत नव्हती; धंदा बदलायचा नव्हता, गाव बदलायचं नव्हतं, परचेसवर माझं प्रेमच आहे. ज्याला खातं किंवा क्षेत्र बदलायचंय त्याची गरज निराळी आणि ज्याला आहे त्याच वाटेवर वरची पायरी चढायचीय त्याची निराळी. या दोघांनी एकाच कॉलेजचं माहितीपत्रक चाळत बसण्यात अर्थ नाही. म्हणून फोन करणाऱ्याला मी सांगते, ज्या खुर्चीवर डोळा आहे त्या खुर्चीवर आज बसलेल्या माणसाला आणि त्याला तिथे बसवणाऱ्या माणसाला, असं दोघांना विचार की तिथे नेमकं काय लागतं. अर्ध्याअधिक वेळा उत्तरात एमबीए येतच नाही. दुसऱ्या प्लांटवर दोन वर्षं काढ, एखादा नवा प्रोजेक्ट अंगावर घे, इंग्रजीत ताठ मानेने बोलायला शीक, असलं काहीतरी येतं.

क्षेत्रच बदलायचं असेल तर मात्र नोकरी सोडून पूर्णवेळ करावं, या मताची मी आहे. आमच्या मेंटेनन्समधला एकजण असा गेला. कॅटची नाहीतर एमएएच-सीईटीची परीक्षा देऊन नेहमीच्या दोन वर्षांच्या कोर्सला जावं असं त्याच्या मनात होतं, तिथून त्याला सगळ्यांनी परावृत्त केलं, ते बरं झालं. तिथली पोरं बावीस-चोवीसची, आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या त्याच वयाच्या पोरांसाठी आलेल्या. पस्तिशीच्या माणसाला तिथे काय म्हणून घ्यायचं, हे त्यांनाही उमगत नाही. त्याच्यासारख्यांसाठी आयआयएमचे एक वर्षाचे वेगळे कोर्स आहेत: अहमदाबादचा पीजीपीएक्स २००६ मध्ये सुरू झाला, तसाच कोलकात्याचा एमबीएईएक्स (पूर्वीचा पीजीपीईएक्स), बंगळुरूचा ईपीजीपी, लखनौचा आयपीएमएक्स. किमान चार-पाच वर्षांचा अनुभव लागतो, जीमॅटचा किंवा जीआरईचा स्कोअर लागतो, आणि तो पाच वर्षं चालतो. त्यामुळे परीक्षा आधी देऊन ठेवायला हरकत नाही, निर्णय मागाहून.

खर्चाचा हिशेब त्याने माझ्यासमोरच मांडला होता, तोही एका डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला. फी तीस लाखांच्या वर. वर्षभराचा बुडालेला पगार, हातात येणारा, अठरा लाख. घरचा हप्ता आणि पोराची शाळा थांबत नाही, ती बचतीतून. बेरीज पन्नासच्या पुढे गेली. तीस लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला जवळपास चाळीस हजार. शिकत असतानाही व्याज चढत असतं, ते वेगळंच. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की व्याजावर ८०ई खाली करसवलत मिळते. मिळते, आठ वर्षांपर्यंत, पण जुन्या करपद्धतीत, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तरच. मित्राकडून उसने घेतलेले किंवा पर्सनल लोन त्यात धरत नाहीत. त्याची बायको सरकारी इस्पितळात नर्स, पगार पक्का, म्हणून तो गेला. आज तो मुंबईत एका सल्लागार कंपनीत आहे आणि कारखान्यांनाच सल्ले देतो. त्याचं भलं झालं. पण त्याच्या बॅचमधले काहीजण फिरून आपल्या जुन्याच धंद्यात, थोड्या चढ्या पगारावर परतले, हेही तोच सांगतो.

म्हणूनच प्लेसमेंटचे आकडे सोर्सिंगवाल्याच्या नजरेने वाचावेत. सरासरी पॅकेजकडे बघूच नये. परदेशी गेलेले दोघे ते कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. मध्यक, म्हणजे बॅचच्या बरोबर मधल्या माणसाला काय मिळालं, ते विचारा. किती जण प्लेसमेंटला बसले आणि किती जण बसलेच नाहीत, ते विचारा. मग मागच्या बॅचमधले तुमच्याच वयाचे, तुमच्याच क्षेत्रातून गेलेले दोघे लिंक्डइनवर शोधा. संस्थेने गाठ घालून दिलेले नकोत, आपले आपण शोधलेले हवेत. ते आज कुठे आहेत एवढं बघितलं तरी पुरतं.

परदेशाचं मी फार बोलत नाही, पण एक सांगते. ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एमबीए करून नंतर तिथे थांबायला जो ग्रॅज्युएट रूट व्हिसा मिळतो तो दोन वर्षांचा, आणि २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच होणार आहे. तेवढ्यात व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर खर्च पौंडांत आणि हप्ते रुपयांतल्या पगारातून. अमेरिकेत एमबीए स्टेम गटात मोडत असेल तर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष अधिक दोन वर्षं मिळतात, नसेल तर एकच. कॉलेजच्या क्रमवारीआधी ही चौकशी.

माझ्यापुरता निर्णय सरळ होता. नोकरी सोडायची नाही, पदवी विद्यापीठाची हवी, फायनान्स नीट शिकवणारे हवेत आणि वर्ग पुण्यातच हवेत. मुंबईकरांचं यात सुख आहे. जमनालाल बजाजसारख्या ठिकाणी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी शिकण्याची परंपरा जुनी आहे, चर्चगेटला उतरलं की झालं. चाकणहून संध्याकाळी सात वाजता शहरात पोचण्याची भाषा ज्याने नाशिक फाट्याचं ट्रॅफिक बघितलेलं नाही त्यानेच करावी. म्हणून दोन वर्षांचं, शनिवार-रविवारचं एमबीए घेतलं.

त्यातल्या मार्केटिंगच्या तासांतलं मला आज फारसं आठवत नाही. नेतृत्वावरचे तास तर अक्षरशः झोपून काढले. पण कॉस्ट अकाउंटिंग शिकवणारे सर कारखान्यात राबलेले होते. त्यांनी सांगितलं, आपापल्या सप्लायरचा ताळेबंद घेऊन या. मी आमच्या एका फाउंड्रीवाल्याचा नेला. भला माणूस, वर्षानुवर्षं भाव कमी करून देणारा. मी त्याला आमचा सगळ्यात गुणी सप्लायर समजत होते. सरांनी पेन्सिलने तीन आकड्यांभोवती गोल केले: विक्री वाढलेली, तयार मालाचा साठा त्याहून वाढलेला, आणि स्क्रॅप व कोळसावाल्यांची देणी जवळपास दुप्पट. "हा तुम्हाला स्वस्त देत नाहीये," ते म्हणाले, "हा त्याच्या देणेकऱ्यांच्या पैशांवर तुम्हाला देतोय. किती दिवस देईल?" सोमवारी मी त्याला बोलावून भाव थोडा वाढवून दिला आणि पेमेंटची मुदत कमी करायला आमच्या फायनान्सशी भांडले. त्या बैठकीत पहिल्यांदा फायनान्सच्या पोराला पुढे केलं नाही.

घरचं कोणी विचारत नाही, म्हणून विचारायच्या आधीच सांगते. दोन वर्षं शनिवार-रविवार गेले म्हणजे लग्नं, बारशी, कराडची खेप, सगळं गेलं. लेकीचे गॅदरिंग मी मोबाइलवर पाहिलं. सासूबाईंनी एकदा सरळ विचारलं, "तुझी शाळा संपणार कधी गं?" त्यांच्या भरवशावरच तर सगळं चाललं होतं, त्यामुळे उत्तर गोडच द्यावं लागलं. घरी असा आधार नसेल तर दोन वर्षांऐवजी तीन लागतील हे धरून चाला. माझ्या पाहण्यात पहिल्या सेमिस्टरलाच गळणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि त्यांची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे.

कंपनी फी भरणार असेल तर उत्तमच, पण बाँड वाचल्याशिवाय सही नको. आमच्याकडे पदवी मिळाल्यापासून दोन वर्षं राहायची अट होती. प्रवेशापासून मोजतील असं धरून कुणी पुढचा बेत आखला असता तर अडकला असता. कंपनीनेच काढून टाकलं तर फी कुणी फेडायची, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मी एचआरला ती ओळ लिहून घालायला लावली. महिना गेला, पण घातली. आणि महिन्यातल्या ज्या शनिवारी प्लांट चालू असतो त्या शनिवारची सूट साहेबांकडून ईमेलवर घ्या. साहेब बदलतात.