अडकित्ता आणि घोडेस्वार

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झायफेन नावाचे एक डोंगरी गाव आहे. खाणींचा धंदा बसल्यावर तेथील लोक लाकूड कातून खेळणी करू लागले. सुमारे 1870 साली विल्हेल्म फ्युख्टनर या कारागिराने तेथे अक्रोड फोडणारा लाकडी राजा घडविला. पुढे शिपाई आले, आणि आता तर नेपोलियन व जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याही मूर्ती संग्राहक विकत घेतात. त्यांपैकी पुष्कळशा शोभेच्याच. त्यांच्या जबड्यात खरा अक्रोड दिल्यास जबडाच मोडावयाचा!

आपल्याकडे हे काम अडकित्त्याचे. लाकडी राजाच्या तरफेत टेकू मध्ये असतो. अडकित्त्यात तो एका टोकास, हात दुसऱ्या टोकास आणि सुपारी मध्ये. सुपारी टेकूजवळ असल्याने थोड्या बळाने ती कातरली जाते. एवढ्याशा हत्यारास कारागिरांनी मोर, पोपट, घोडा, घोडेस्वार अशी नाना रूपे दिली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते अवश्य पाहावेत. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी 1920 च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि 1975 साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. संग्रहालयास नाव मात्र आहे बालपणीच निवर्तलेल्या त्यांच्या पुत्राचे, राजाचे.

सुपारी कर्करोगास कारण होते, हा आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेचा निर्णय 2004 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चंची घरातून गेली हे बरेच झाले. पण तिच्यासोबत अडकित्ताही मोडीत जातो, आणि मोडवाला पितळेचे वजन पाहतो, घोड्याची आयाळ पाहत नाही.

उलट जुन्या वस्तूंचा व्यापारी आयाळीसह कथाही विकतो. तलवारधारी स्वार दिसला की तो म्हणणार, हे शिवाजी महाराज. आपल्या निफाड तालुक्यातील गिऱ्हाईक असेल तर विंचूरचे सरदार विठ्ठल शिवदेव! पानिपताहून जिवंत परतलेल्या त्या सरदाराविषयी आम्हांस आदर आहे. परंतु नाव कोरलेले नसता ओळख कशावरून पटवावी? घोड्यावर तलवार घेऊन खंडोबाही बसतो. मागे म्हाळसा, जवळ कुत्रा आहे की काय, हे आधी पाहावे. काहीच खूण नसेल, तर वहीत ‘अज्ञात स्वार’ एवढेच लिहावे. वस्तू कोणत्या घरातली, कोणत्या गावची, कोणी वापरली, हे आजीआजोबांस आजच विचारून घ्यावे. कारण पितळ शंभर वर्षे टिकेल, ती माहिती टिकणार नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.

चिंच लावून घासल्यास पितळ लखलखते खरे, परंतु आयाळीच्या बारीक रेघा प्रत्येक घासणीस झिजतात. पितळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावे. पोलादी पात्यावर मात्र तेलाचे बोट फिरवावे.