पहिलं ऑपरेशन कुणी करायचं?

जठारपेठ, अकोला

चि. मृणाल हिस,


दर्यापूरला तुझी ओपीडी सुरू होतेय. पोट फुगलंय, दोन घासांत भरल्यासारखं होतं, अशी तक्रार घेऊन पन्नाशीची एखादी बाई येईलच. तोवर महिनाभर तिने गॅसच्या गोळ्या खाल्लेल्या असतील. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ दिसली की नातेवाईक मागे लागतील, "मॅडम, उद्याच काढून टाका ना!"

तिथेच हात आवर.

१८०९च्या नाताळात अमेरिकेतल्या केंटकीत एफ्रेम मॅकडॉवेल यांनी भूल न देता जेन क्रॉफर्ड यांच्या पोटातून सुमारे दहा किलोंची गाठ काढली. बाई पुढे ३२ वर्षं जगल्या. धाडस मोठंच, पण ती गाठ बहुधा कॅन्सरची नव्हती.

अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी वपेवर (आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर), आतड्यांवर, डायफ्रॅमखाली पेरल्यासारख्या पसरतात. निदान होतं तेव्हा बहुतेकींचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असतो. त्यामुळे दोन्ही अंडाशयं, नळ्या, गर्भाशय आणि वपा काढून भागत नाही. डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे राहू नये, यासाठी सगळा खटाटोप. दीड सेंटिमीटरहून कमी उरलं तर बाई जास्त जगते, असं डॉ. ग्रिफिथ्स यांनी १९७५मध्ये मांडलं. आता तेवढंही उरू द्यायचं नसतं. हे काम कॅन्सर सर्जनचं. गाठ अंडाशयापुरतीच असली तरी सुई घालून पाणी काढू नकोस; फुटली तर पोटभर सांडते.

पोटात पाणी आणि रक्ततपासणीत वाढलेलं सीए-१२५ एवढ्यावरही कॅन्सरचा शिक्का मारू नकोस. पोटाच्या टीबीत दोन्ही दिसतं, आणि आपल्या भागात टीबी काही दुर्मीळ नाही.

मोठ्या सेंटरने आधी केमो सांगितली की घरचे धास्तावतात, "म्हणजे आता काही उपाय नाही का?" त्यांना नीट समजाव. पसरलेल्या आजारात आधी केमो आणि मग ऑपरेशन, की आधी ऑपरेशन, याची तुलना २०१०मध्ये सुमारे ६७० बायकांच्या अभ्यासात झाली. जगण्याचा काळ जवळपास सारखाच निघाला.

नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा मुंबईचं टाटा, जिथे पाठवशील तिथे सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत दे. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घ्यायला सांग. आणि ऑपरेशनमध्ये काय काय काढणार, हे फक्त नवऱ्याला सांगून मोकळी होऊ नकोस. त्या बाईला समोर बसवून सांग.

तुझी,
मावशी