लिनक्समधील फलकबदल व पडद्याची मापे

संगणकाचा पडदा एक असला, तरी लिनक्समध्ये काम करण्याच्या जागा अनेक असतात. त्यांस आभासी कन्सोल म्हणतात. वर्गात खुंटी एक व गुंडाळफळे अनेक असावेत, तसाच हा प्रकार. जो टांगला तो दिसतो, बाकीच्यांवरील मजकूर पुसला जात नाही. कंट्रोल व आल्ट या कळा दाबून धरून एफ३ दाबली, म्हणजे चित्रमय फलक मागे जातो व अक्षरांचा कन्सोल पुढे येतो. परतण्यासाठी बहुधा एफ१, एफ२ किंवा एफ७ चालते.

हे ज्ञान केवळ जिज्ञासेपुरते नव्हे. चित्रमय फलक अडकला की पुष्कळ ठिकाणी वीज तोडली जाते, आणि मुलांचे न साठविलेले काम तिच्याबरोबर जाते. अशा वेळी कन्सोलवर जाऊन अडलेला कार्यक्रम तेवढा बंद करता येतो. मात्र फलकबदल करताच पडदा काळा पडला, तर यंत्रच बंद पडले असा समज होतो. पुष्कळदा यंत्र चालू असते. पडद्याला न पेलणारे माप त्याच्याकडे गेलेले असते.

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग स्मृतीच्या ज्या भागात लिहिलेला असतो, त्यास फ्रेमबफर म्हणतात. आडवे १०२४ व उभे ७६८ ठिपके, दर ठिपक्यास २ बाइट, या हिशेबाने १५,७२,८६४ बाइट लागतात. (हा गुणाकार वरच्या इयत्तेतील मुलांकडून जरूर करवून घ्यावा.) चित्र सेकंदास किती वेळा नव्याने उमटावे, हेही मापातच येते, सामान्यतः ६० वेळा.

जुन्या व्हेसा पद्धतीत माप आरंभीच क्रमांकाने सांगावे लागे. वरील मापाचा क्रमांक ७९१. ते यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत बदलत नसे. शिवाय चित्रमय फलक आपले माप स्वतःच ठरवी, कर्नेलला त्याची वार्ता नसे. म्हणून फलकबदलात पडदा लुकलुके, क्वचित काळाच राही. २००९ साली २.६.२९ या आवृत्तीपासून हे काम कर्नेलने आपल्याकडे घेण्यास आरंभ केला. किल्ल्या एका कारभाऱ्याकडे आल्या, तंटा बव्हंशी मिटला.

आता कर्नेल पडद्यालाच त्याची मापे विचारतो. जुन्या प्रोजेक्टरकडून उत्तर न आल्यास माप हाताने सांगावे. 'ईटीसी' निर्देशिकेत 'डिफॉल्ट' आणि तीत 'ग्रब' ही फाइल असते. तिची प्रत आधी काढून ठेवणे अगत्याचे आहे. कर्नेलला द्यावयाच्या सूचनांच्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत, 'व्हीडिओ=१०२४एक्स७६८@६०' ही जोड रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता करावी. डेबियन व उबुंटूवर मग प्रशासकाच्या अधिकाराने 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे.

चुकीच्या मापामुळे काहीच दिसेनासे झाले, तर आरंभीच्या ग्रब-यादीत 'ई' कळ दाबून ती जोड खोडावी व एफ१० दाबून पुढे जावे. हा बदल त्या खेपेपुरताच टिकतो. फाइल मागाहून दुरुस्त करावी लागते.